टोपी नाही मिळाली तर?

पाऊस नुकताच लागला होता. ओट्यावर तीन जोड्या निघाल्या. आईची रबरी चप्पल, वडिलांचे एसटीच्या ड्युटीचे काळे बूट आणि पोराचे धावायचे बूट, टाचेला आतून कापड फाटून फोम बाहेर आलेला. आल्या माणसाच्या पायताणाकडे बघायची खोड मला माझ्या भावामुळे लागली. त्याचं पुढे येईलच.

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आता घरीच असते, तरी बारावीचा निकाल लागून शाळा सुरू व्हायच्या सुमारास पोरांना घेऊन आई-वडील येतात. आमचा सातारा जिल्हा, त्यामुळे त्यांतल्या बऱ्याच जणांचा विषय फौजेचाच. या वडिलांनी बसायच्या आधीच सुरुवात केली. "मॅडम, तुम्हीच सांगा ह्याला. पंच्याहत्तर टक्के पडलेत, एनडीएचा फॉर्म भर म्हणतोय. मुदत चार दिवसांवर आलीय. तर हा म्हणतो, अग्निवीर होतो. साहेब व्हायचं सोडून शिपाई व्हायला निघालाय."

पोरगा खाली बघत म्हणाला, "साहेब नाही व्हायचं. पॅरा एसएफ व्हायचंय." मग त्याचं म्हणणं बाहेर पडलं. एनडीएतून, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीतून, गेलं तर खडकवासल्यात तीन वर्षं, डेहराडूनला एक. भरती झालं तर वर्षभरात फौजेत आणि तिथून सरळ कमांडो. मधे वेळ कशाला घालवायचा?

आई काहीच बोलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

आई-वडिलांनो, हेच भांडण थोड्याफार फरकाने मी कितीदा तरी ऐकलंय. वडिलांना 'साहेब' हा शब्द हवा असतो. त्यात चूक काही नाही. आयुष्यभर ज्याने दुसऱ्याला साहेब म्हटलं, त्याला पोराच्या बाबतीत तो शब्द ऐकावासा वाटणारच. पोराला मरून रंगाची टोपी हवी असते आणि ती त्याने मोबाइलवर पाहिलेली असते. दोघंही धरून चालतात की टोपी ठरलेलीच आहे, प्रश्न आहे तो कुठल्या दाराने जायचं एवढाच. माझं सगळं सांगणं इथूनच सुरू होतं. टोपी ठरलेली नसते.

लष्कराच्या पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये अधिकारी असो की जवान, स्वतःहून नाव द्यावं लागतं. मग प्रोबेशन. ते काही महिने पाठीवर पिठ्ठू घेऊन मैलोन्मैल चालणं-धावणं, झोप नाही, भूक आहे, आणि अंगात काही उरलं नाही असं वाटतं त्याच क्षणी कुणीतरी डोकं चालवायला लावणार. साहेबाला वेगळी सवलत नसते. झालंच तर त्याच्याकडून जास्त अपेक्षा, कारण स्वतः दमलेला असताना दुसऱ्याचा विचार करता येतो का हेही बघायचं असतं. नाव दिलेल्यांतले बहुतेक जण परत जातात. जे राहतात त्यांच्या आग्र्याला विमानातून उड्या होतात, पाच झाल्या की छातीवर पंख लागतात, आणि तिथून पुढे खरं शिक्षण सुरू होतं. नौदलाचे मार्कोस, हवाई दलाचे गरुड यांच्याकडेही आधी गाळणी, मग नाव. एनएसजीत, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दलात, तर थेट भरती नसतेच. लष्करातून आणि पोलिस दलांतून माणसं तिथे काही वर्षांसाठी जातात. हे मुद्दाम सांगते, कारण 'थेट कमांडो व्हा' असे फलक लावून बसलेल्या अकॅडम्या मी पाहिल्यात आणि त्यांच्या फीपायी गाय विकलेली घरंही पाहिलीत.

आता भावाचं.

तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा. 1984 मध्ये बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाला, अठराव्या वर्षी. गणितात माझ्यापेक्षा हुशार होता, पण अधिकारी व्हायचीही एक वाट असते हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, मी तेव्हा बी.एड. करत होते तरी. खडकवासला म्हणजे धरण, एवढंच. आमच्या जिल्ह्यात फौज पिढ्यान्‌पिढ्या आहे. अपशिंगे मिलिटरी नावाच्या गावातून पहिल्या महायुद्धात 46 जण कामी आले. पण ती परंपरा बहुतेक शिपायाची, आणि ती इतकी अंगात मुरलेली की दुसरं दार आहे का हे विचारायचंही सुचत नसे. (आमच्या गावात पेन्शनीत आलेल्या प्रत्येक फौजीला 'मेजर' म्हणतात. नाईक असो, हवालदार असो, मेजरच. त्या एका शब्दाने सगळ्यांना एका ओळीत बसवलं आणि पोरांना ओळी दोन आहेत हे कळेनासं झालं.)

चार वर्षांनी त्याने पॅरा कमांडोसाठी नाव दिलं. मराठ्यांचं आणि छत्रीधारी सैनिकांचं नातं जुनं. 1971 च्या डिसेंबरात टांगाईलला उतरलेली 2 पॅरा मूळची मराठा पलटण, आणि आज विशेष दलात असलेली 21 पॅराही मूळची मराठाच. पोरांच्या कानावर या गोष्टी असतातच. भाऊ गेला. दोन महिन्यांनी सुट्टीवर आला तो न बोलता. आईने घमेल्यात कढत पाणी आणि मूठभर मीठ घालून त्याचे पाय बुडवले. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. त्यातलं एक त्या पाण्यातच सुटून तरंगायला लागलं. आईने ते चिमटीत धरून चुलीत टाकलं आणि काही विचारलं नाही. मीच विचारलं. तेव्हा म्हणाला, "जमलं नाही, ताई. परत पाठवलं."

खूप वर्षांनी त्याने बाकीचं सांगितलं. परत जाणाऱ्यांचा ट्रक पहाटे निघाला. त्यात आठ-नऊ जवान होते आणि एक तरुण कॅप्टन. तोही नापास. साहेब पुढे ड्रायव्हरजवळ बसले असते तरी चाललं असतं, पण मागेच बसले, फळीवर, माझ्या भावाला लागून. भावाकडे घरची शेंगदाण्याची चिक्की उरली होती. दोघांनी अर्धी-अर्धी खाल्ली. स्टेशनवर उतरल्यावर साहेबांनी हात मिळवला. "तीन तासांच्या रस्त्यात आम्ही दोघं अगदी एकसारखे होतो, ताई," भाऊ म्हणाला. "मग ते आपल्या रेजिमेंटला गेले, कॅप्टन म्हणून. मी माझ्या पलटणीत आलो, शिपाई म्हणून."

यात त्याची तक्रार नव्हती. तो पुढे सुभेदार होऊन 2012 मध्ये घरी आला, सियाचीनमध्ये राहिला, पोरं शिकवली, भरपूर समाधानी आहे. पण दार निवडणं म्हणजे काय, हे मला त्या ट्रकने शिकवलं. टोपी मिळाली तर दोन्ही दारांचा अभिमान सारखाच. खरा फरक टोपी न मिळाल्यावर कळतो. म्हणून पोराला विचारायचं ते हे, की बाबा, परत पाठवलं तर जे उरेल, त्यात तू पुढची पंधरा-वीस वर्षं आनंदाने काढशील का?

आता या प्रश्नाच्या उजेडात दोन्ही दारं बघू.

शिपायाचं दार जून 2022 पासून अग्निपथ योजनेतून उघडतं. आधी ऑनलाइन लेखी, मग ग्राउंड, म्हणजे सोळाशे मीटर, बीम आणि बाकीचं, मग मेडिकल. करार चार वर्षांचा. पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये, त्यातले 21,000 हातात, बाकीचे निधीत. चार वर्षांनी सेवानिधी मिळतो, योजना जाहीर झाली तेव्हा त्याचा आकडा सुमारे 11.71 लाख सांगितला होता. आणि पुढे कायम होतो तो जास्तीत जास्त चारांतला एक. आता हे पोराच्या घाईशी ताडून बघा. चार वर्षांतले पहिले सहा-सात महिने प्रशिक्षणात गेले. कुठली रेजिमेंट मिळेल हे फौज ठरवते. पॅराशूट रेजिमेंट मिळाली तर बंगळूरला, नाहीतर आधी आपल्या पलटणीत पाय रोवायचा आणि मग नाव द्यायचं. आणि प्रोबेशनमधून परत आलात, तर घड्याळ चालूच असतं. भाऊ परत आला तेव्हा त्याच्यापुढे चोवीस वर्षं होती. आजच्या पोरापुढे कदाचित दोन असतील.

अधिकाऱ्याच्या दारात वेळ जास्त जातो, हे पोराचं खरं. पण त्या वेळेत काय होतं तेही बघा. एनडीएतून पदवी हातात पडते. डेहराडूनला शेवटच्या सत्रात कुठली रेजिमेंट हवी ते सांगता येतं, पॅरा मागता येते, आणि प्रोबेशन जमलं नाही तर दुसऱ्या रेजिमेंटमध्ये लेफ्टनंट म्हणून जागा असतेच. लेफ्टनंटचं मूळ वेतन 56,100 पासून सुरू होतं. पण गाळणी इथे आधीच लागते. एनडीएच्या जागा एका खेपेला चारशेच्या आसपास आणि फॉर्म भरणारे लाखांत. लेखीला 900 गुण, त्यांतले 300 गणिताचे, आणि तेवढ्याच 900 गुणांची एसएसबीची मुलाखत, पाच दिवसांची. पहिल्याच दिवशी 'स्क्रीन आऊट' होऊन संध्याकाळच्या गाडीने परत आलेली किती पोरं माझ्या ओट्यावर बसून गेलीत. एसएसबीत रट्टा चालत नाही. साठ शब्द दाखवतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद, आणि मनात येईल ते वाक्य लिहायचं. पाठ केलेली वाक्यं लिहिणारा पोरगा तिथे लगेच ओळखू येतो. घरात ज्याला कधी काही ठरवू दिलं नाही, त्याला ते पाच दिवस जड जातात. हे वडिलांनी ऐकून ठेवावं. बूट कुठले घ्यायचे, क्लास कुठला लावायचा, फॉर्म कुठला भरायचा, सगळं तुम्हीच ठरवणार आणि मग एसएसबीने त्याच्यात नेतृत्व शोधावं, असं कसं होईल?

आणि एक गोष्ट जी बाप लोकांना आवडत नाही, पण भावाने मला पटवून दिली. विशेष दलाचं प्रत्यक्ष काम ज्याला प्रिय आहे, त्याला ते जवानाच्या दारातून जास्त वर्षं करायला मिळतं. अधिकारी टीमबरोबर काही वर्षं असतो, मग कोर्स, मुख्यालयातली नेमणूक, बदली. बढती मिळत गेली की हातातली बंदूक कमी आणि नकाशा जास्त. जवान पलटणीतच राहतो. कुणी स्फोटकांत मुरतो, कुणी निशाण्यात, कुणी संपर्कयंत्रणेत, कुणी जखमीला तिथल्या तिथे सांभाळण्यात. नवा कॅप्टन येतो तेव्हा त्याला डोंगर वाचायला शिकवणारा बहुतेक वेळा एखादा हवालदारच असतो. 9 पॅराचे लान्सनायक मोहन नाथ गोस्वामी 2002 मध्ये जवान म्हणून भरती झाले होते. 2015 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अकरा दिवसांत तीन चकमकींत ते लढले आणि शेवटच्या चकमकीत, हंदवाड्याजवळ, गेले. अशोकचक्र मिळालं. त्यांच्या दाराला कमी म्हणायची माझी तरी छाती नाही. आणि आपल्या जिल्ह्यातले कर्नल संतोष महाडिक, साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे, 21 पॅराचे, त्याच वर्षी नोव्हेंबरात कुपवाड्यात गेले. ते दुसऱ्या दारातून आले होते.

इथवर मी बोलत होते, तेव्हा त्या आईने पहिल्यांदा तोंड उघडलं. "दोन्हीकडं जिवाला धोका सारखाच का हो?"

तिला वाटत असावं की साहेब मागे राहत असतील. मला खोटं बोलवेना. 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईत ताजमध्ये मेजर संदीप उन्नीकृष्णन गेले, नरिमन हाऊसमध्ये हवालदार गजेंद्र सिंह. एक एनडीएतून आलेला अधिकारी, एक जवान म्हणून आलेला. दोघंही त्या वेळी एनएसजीत. दोघांनाही मरणोत्तर अशोकचक्र. मी तिला एवढंच म्हणाले, की हो, सारखाच. तिने मान हलवली. जे तिला आधीच ठाऊक होतं ते कुणीतरी तोंडाने कबूल केलं, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. या प्रश्नाला बगल देऊन पोराच्या करिअरची चर्चा करणाऱ्या बापांना माझी हात जोडून विनंती आहे, एकदा तरी तिला तो प्रश्न विचारू द्या.

वडील एसटीत चालक, म्हणून त्यांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. स्टँडवर तीन गाड्या लागल्यात. एनडीएची साडेएकोणिसाव्या वर्षाच्या आत सुटते. अग्निवीरची साडेसतरापासून एकविशीच्या आसपासपर्यंत उभी असते. पदवीनंतरची सीडीएस, म्हणजे अधिकारी व्हायचीच परीक्षा, तिच्याही मागून सुटते, चोविशीच्या आसपास. जी आधी सुटते ती आधी धरायला बघायची. चुकली तर पुढची उभी आहेच. उलट आधी अग्निवीरमध्ये बसलात, तर एनडीएची समोरून निघून जाते आणि परत येत नाही. अग्निवीरमध्ये गेलेल्या पोरानेही मुक्त विद्यापीठातून पदवी चालू ठेवली, तर बावीस-तेविसाव्या वर्षी सीडीएसला बसायला वाव राहतो. आणि कायम झालेल्या जवानाला आतूनही एक जिना आहे. डेहराडूनचं आर्मी कॅडेट कॉलेज. बारावी झालेला, दोन वर्षं सेवा झालेला जवान तिथे निवड होऊन जातो, शिकतो आणि अधिकारी होऊन बाहेर पडतो. भावाला हे कळलं तेव्हा त्याचं वय उलटून गेलं होतं.

वडील म्हणाले, "म्हंजे मी म्हणतो तेच बरोबर की." मी म्हटलं, गाडी बरोबर, कारण चूक. साहेब म्हणवून घ्यायला म्हणून पाठवलंत तर पोरगा एसएसबीत अडकेल, नाहीतर पुढे प्रोबेशनमध्ये.

ज्यांची मुलं अजून दहावीत आहेत, त्यांना दोनच गोष्टी. सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला 1977 पासून आहे, दहावीनंतर परीक्षा आणि मुलाखतीतून मुलं घेते आणि एनडीएची तयारी करून घेते. मुलींसाठी आता नाशिकला तशी सोय आहे. 2025 च्या मेमध्ये एनडीएतून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा मुलगी आहे म्हणून विषय बंद करू नका. आणि दुसरं, अकॅडमीची फी भरायच्या आधी डॉक्टरकडे जा. सपाट तळवे, एकमेकांना लागणारे गुडघे, रंग ओळखण्यातला दोष, कानातला जुना पू. चार वर्षं पहाटे धावलेला पोरगा मेडिकलला रंगांच्या पुस्तकापाशी अडतो, तेव्हा बघवत नाही. रेंगाळणाऱ्या दुखण्याला वेळेवर उपाय असतो, रंगांच्या दोषाला नसतो. मग निदान वेगळी वाट वेळेत तरी धरता येते.

पैसे घेऊन 'सेटिंग' करून देतो म्हणणारा भेटला तर काय करायचं, ते मी सांगायला नको.

भाऊ मागच्या दाराने आत आला तेव्हा चहा झाला होता. त्याने मुलाकडे न बघता आधी ओट्यावरच्या बुटांकडे बघितलं. "टाच घासतेय का?"

"हो."

"पायमोजे दोन घाल, आतला पातळ. नाडी वरच्या दोन भोकांत आवळ, खाली सैल ठेव." मग समोर बसून बशीत चहा ओतला. "पॅराला जायचंय म्हणे. टोपी नाही मिळाली तर?"

पोराने तोंड उघडलं आणि मिटलं. बराच वेळ पत्र्यावर पावसाचा आवाज तेवढा होता. शेवटी म्हणाला, "याचा विचार नाही केला. करतो."

ते गेल्यावर भाऊ म्हणाला, "आजवर ज्याला ज्याला विचारलं, तो लगेच म्हणाला, मिळणारच. मीपण तसंच म्हणालो होतो." आणि कप घेऊन आत गेला.

मुदतीच्या आदल्या रात्री वडिलांचा फोन आला. एनडीएचा फॉर्म भरला होता, पोराने स्वतःच, सायबर कॅफेत तीन तास बसून. "मला बाहेर उभं केलं मॅडम, आत येऊ दिलं नाही." अग्निवीरचं बघू म्हणतो, पहाटेचं धावणं चालूच ठेवलंय. मग त्यांनी फोन बायकोकडे दिला. तिने इकडचं-तिकडचं विचारलं, माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि ठेवता ठेवता म्हणाली, "ते बूट हायेत न्हवं त्याचे, त्याच्या टाचंला मी आतनं जुन्या सतरंजीचा तुकडा शिवून दिलाय. बघते आता घासतंय का."